चुकलेला फर्मा

रविवारी सकाळी फोन वाजला की आमचे हे हातातला चहा तसाच खाली ठेवतात. वाचनकट्ट्याच्या ग्रुपवर आठवड्याचा विषय आलेला असतो. मग भिंग घेऊन तो वाचायचा आणि स्वयंपाकघरात येऊन मला सांगायचा. "अगं, या वेळी 'खलनायक' आहे!" मी म्हणते, "बरं मग? दुधावर लक्ष ठेवा."

विषय दर आठवड्याला नवा. कधी प्रवास, कधी पत्रं, कधी घर सोडून गेलेली माणसं. गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचं, प्रत्येकानं त्या विषयावरचं आपलं आवडतं पुस्तक आणायचं, त्याबद्दल आणि लेखकाबद्दल चार कौतुकाचे शब्द बोलायचे, बाकीच्यांनी माना डोलवायच्या आणि घरी जायचं. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, त्या अध्यक्ष. एक दातांचे डॉक्टर, वाचनालयाचे ग्रंथपाल आणि आणखी काही मंडळी. सगळे बोलायला येतात. ऐकायला येणारा एकच, आणि तो माझ्या पदरी पडलाय.

नुसतं ऐकून थांबतील तर ते हे कसले? दुसऱ्यानं सांगितलेलं पुस्तक हे घरी आणून वाचतात. सगळं वाचतात. डॉक्टरांनी एकदा समुद्रावरची एक जाडजूड कादंबरी सांगितली. यांनी मोतीबिंदूच्या डोळ्यांनी ती रेटून वाचली, रोज संध्याकाळी डोळ्यांत थेंब मी घातले. पुढच्या गुरुवारी विचारलं, "डॉक्टर, पण ते जहाज मुळात निघालंच कशाला, ते काही मला कळलं नाही." डॉक्टर म्हणाले, "वा, काय प्रश्न आहे!" आणि घड्याळ बघितलं. बाई म्हणाल्या, "बाइंडरसाहेब, मागचा विषय झाला हं. पुढे चला." हे मला घरी येऊन हसत सांगत होते. मी मात्र कपाळावर हात मारला.

बाइंडर म्हणजे खरेच बाइंडर. आमचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. एक लांबट खोली, कापायचं यंत्र, दाबायचा शिकंजा, खळीचं पातेलं आणि खिडकीशी शिवायची चौकट. चौकटीशी मी. फर्मे लावायचे यांनी, शिवायचे मी, पुठ्ठा चढवायचा पुन्हा यांनी. फर्मा म्हणजे घडी घातलेल्या सोळा पानांचा जुडगा. असे जुडगे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. लोक म्हणायचे, किती छान, दिवसभर पुस्तकांत असता! मी पुस्तकं शिवली, वाचली नाहीत. दिवसभर सुई ओढून बोटं वळायची नाहीत, त्यात कादंबऱ्या कसल्या वाचताय!

यांचं उलट. खळ वाळेपर्यंत हातातला फर्मा वाचत बसायचे. त्यामुळे कित्येक कादंबऱ्या यांना मधूनच ठाऊक. नायिका पळून जाते हे माहीत, पण कोणाच्या घरून पळाली ते दुसऱ्या फर्म्यात, आणि तो माझ्या मांडीवर. मग "अगं, शिवू नको, थांब जरा!" असा आरडाओरडा. गिऱ्हाईक दारात उभं आणि मालक आतल्या बाजूला डोळे पुसतोय, हा तमाशा मी जन्मभर पाहिला. काम कधी वेळेवर गेलं नाही. पण उसवून परतही कधी आलं नाही, तेवढं मात्र मी कोणासमोरही सांगेन.

पुढे वाचनालयांनी जुनी पुस्तकं बांधून घेणं सोडलं आणि दुकान बंद झालं. हे घरात नुसते बसून राहायला लागले. बोलायचे नाहीत. भाजी निवडायला दिली तर भाजीकडे बघत बसायचे. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. ग्रंथपालांनी कट्ट्याला यायला सांगितलं तेव्हा मीच यांना इस्त्रीचा सदरा घालून धाडलं. तेव्हा या माणसाला एवढीच हौस लागेल की कोणीतरी आपलंही पुस्तक वाचावं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

यांचं एक पुस्तक आहे. दुकानात कोणीतरी बांधायला टाकलं आणि न्यायला आलंच नाही. लेखकाचं नाव आज कोणी घेत नाही. दोन बहिणींची गोष्ट. दोघी मिळून एक खाणावळ चालवतात आणि एकमेकींशी अवाक्षर बोलत नाहीत. काही सांगायचं झालं तर जेवायला आलेल्या माणसाकडून निरोप. शेवटी धाकटी तापानं फणफणते आणि थोरली तिच्या दाराबाहेर उभी राहते. त्या दाराच्या प्रसंगावर आमच्या ह्यांचा जीव. थोरली आत जाऊन जे बोलते ना, असं म्हणून पुढे यांना बोलवतच नाही. दुकानात कुणी ते वाचलेलं भेटलं नाही, घरात मी ही अशी. या पुस्तकाबद्दल कोणाशी तरी पोटभर बोलावं, एवढंच यांना मेलं हवं होतं. दुसरं काही मागितलं नाही कधी.

कट्ट्यावर 'भावंडं' हा विषय आला आणि यांना आकाश ठेंगणं झालं. पुस्तक खिळखिळं होतं, म्हणून कट्ट्यातल्या सगळ्यांत फिरवता यावं यासाठी ते उसवून नव्यानं बांधायला घेतलं. घरातल्याच टेबलावर. त्याच वेळी पलीकडच्या पोल्ट्रीवाल्याचं कुक्कुटपालनाचं पुस्तकही बांधायला आलं होतं. फर्मे यांनी लावले, मी शिवले. निळं कापड, कण्यावर सोनेरी रेघ. देखणं झालं होतं. खळ वाळल्या वाळल्या यांनी ते नेऊन बाईंच्या हातात दिलं, स्वतः उघडूनही पाहिलं नाही. पाठच होतं ना सगळं!

पुस्तक घरोघर फिरलं. बाईंकडे महिनाभर, मग डॉक्टरांकडे, मग ग्रंथपालांकडे आणि पुढे. जो तो परत देताना म्हणायचा, "अप्रतिम!" ग्रुपवर अंगठे, टाळ्या, फुलं. हे विचारायचे, "आणि तो दाराचा प्रसंग?" की समोरचा छातीवर हात ठेवायचा. "तो तर काळजालाच हात घालतो हो!" हे घरी येऊन मला सांगायचे, "बघ, वाचणारी माणसं आहेत ही." पण बोलणं तिथंच संपायचं. पुढे काही नाही. धाकटीबद्दल कोणी बोलेना, खाणावळीबद्दल कोणी बोलेना. हे दर गुरुवारी जिने चढून जायचे आणि तेवढंच 'अप्रतिम' घेऊन उतरायचे. मला शंका येत होती. पण यांच्या तोंडावरचा आनंद बघून मी मूग गिळून बसले.

मग ग्रंथपालांनी जाहीर केलं की वर्षाच्या शेवटच्या बैठकीत विषय-बिषय काही नाही. सगळ्यांनी मिळून एकाच पुस्तकावर बोलायचं, आणि ते बाइंडरसाहेबांचं. सगळ्यांच्या हातून गेलेलं तेवढंच एक. घरच्यांनाही आमंत्रण. यांनी नवा सदरा घेतला. मी म्हटलं, आता आपल्यालाही जायचंय, तिथं मठ्ठासारखं बसायला नको. पुस्तक घरी परत आलंच होतं. दुपारी हे लवंडले की मी चार-चार पानं वाचायला लागले.

आणि दाराशी आले. "थोरलीनं कडीला हात घातला. आत धाकटी कण्हत होती. तिनं दार ढकललं आणि". पान उलटलं. "पिल्लं एका कोपऱ्यात दाटीवाटीनं बसत असतील तर ऊब कमी पडते आहे असे समजावे."

मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. पुढे खाद्य, पुढे लस, पुढे भुसा किती जाड पसरावा. सबंध फर्मा कोंबड्यांचा! तो संपला तेव्हा धाकटी बरी होऊन ताक घुसळत होती. म्हणजे आमच्या दोघी बहिणी त्या पोल्ट्रीवाल्याच्या पुस्तकात जाऊन बसल्या असणार. त्यानंही चकार शब्द काढला नव्हता, पण तो काही स्वतःला वाचक म्हणवत नाही. कळीचा प्रसंग या पुस्तकात नव्हताच, आणि अख्ख्या कट्ट्याच्या काळजाला त्यानं हात घातला होता! यांनीच भोळेपणानं तो सगळ्यांना आधी सांगून ठेवलेला, त्यावर या लोकांनी महिनोन्‌महिने काढले.

मी इतकी चिडले की उठून पुस्तक आपटणार होते. पण हे शेजारी झोपलेले, नवा सदरा दाराला टांगलेला. सांगू कशी? बाजारात बाई भेटल्या तेव्हा मुद्दाम विचारलं, "तुम्ही यांचं पुस्तक वाचलंत ना हो नीट?" म्हणाल्या, "अहो, दोनदा!" शिक्षिका होत्या या. पोरांना कॉपी केली म्हणून बाहेर काढलं असेल यांनी.

बैठकीला मी तोंडाला कुलूप लावून गेले. खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या, मधल्या टेबलावर आमचं निळं पुस्तक. बाई बोलल्या, मौनाच्या भाषेबद्दल. ग्रंथपाल बोलले, लेखकावर झालेल्या अन्यायाबद्दल. डॉक्टर म्हणाले, "तो दाराचा प्रसंग वाचल्यावर मी दोन दिवस पेशंट नीट तपासू शकलो नाही." मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून ठेवला. मग बाईंनीच सुचवलं की बाइंडरसाहेबांनी तो प्रसंग वाचून दाखवावा. मी म्हटलं, "अहो, राहू द्या, डोळ्यांना ताण पडेल." पण ऐकतील तर ना. उभे राहिले, भिंग काढलं, खाकरले.

"तिनं दार ढकललं आणि," असं म्हणून यांनी पान उलटलं. "पिल्लं एका कोपऱ्यात..." थांबले. भिंग मागेपुढे केलं. पुन्हा वाचलं. पुढचं पान, त्याच्या पुढचं. डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "इथे लेखक प्रतीकात्मक होतो."

हे खाली बसले नाहीत. पुस्तक कण्यापाशी चाचपलं, टाके बघितले आणि मान खाली घालून म्हणाले, "माफ करा मंडळी. फर्मा चुकलाय. हात माझाच. एवढे दिवस तुम्ही सगळ्यांनी चुकीचं पुस्तक वाचलंत आणि माझं मन राखायला कोणी बोलला नाहीत. मला सांगायला हवं होतं हो कोणीतरी."

अहो, माफी! या माणसानं त्यांची माफी मागितली! बाई जमिनीकडे बघत होत्या, ग्रंथपाल खिडकी उघडायला उठले. मला उभं राहून एकेकाला सुनवायचं होतं. पण यांनी पुस्तक माझ्या पिशवीत घातलं आणि सगळ्यांना नमस्कार करून जिना उतरायला लागले, तेव्हा मागे जाण्यावाचून इलाज नव्हता.

रस्त्यावर आल्यावर यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "कोणीच वाचलं नव्हतं, नाही का गं?"

"नाही."

"एकानंसुद्धा नाही."

"मी वाचलं," मी म्हटलं.

हे थांबले. "तू? कधी?"

"आत्ताच, या दिवसांत. शेवटपर्यंत."

"मग?" आवाज अगदी बारीक झाला होता. छान आहे म्हणून टाकावं, असं अगदी तोंडावर आलं. पण तेवढं ऐकून तर हे वर्षभर जिने चढत-उतरत होते.

"मला नाही आवडलं," मी म्हटलं. "तुमची ती धाकटी मला मुळीच पटली नाही. थोरली मरमर राबते आणि ही बरी झाली तशी पुन्हा पाटावर बसून हुकूम सोडते. आणि तुमचा लेखक तिचंच कौतुक करतो. राग आला मला त्याचा."

हे माझ्याकडे वळले आणि एकदम भडकले. "हुकूम? अगं, ती हुकूम सोडत नाही, तिला दुसरं बोलताच येत नाही! ते ताकाचं पान नीट वाचलंस का तू?"

"वाचलं. थोरलीनंच घुसळायला हवं होतं का तेही?"

"तसं नाही गं! तू एकाच बाजूनं बघतेस." लोक वळून बघायला लागले. मी म्हटलं, अहो, हळू, घरी जाऊन बोलू. पण यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, बंद दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि स्वतःही तिथंच बसले.

"घरी नंतर जाऊ," म्हणाले. "बस इथं. धाकटी का नाही पटली, ते पहिल्यापासून सांग."