सपत्नीक

देवाचं नाव घ्यावं म्हणजे जीव हलका होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गेलेल्या माणसाचं नावही असंच घ्यावं लागतं, नाहीतर ते छातीत दगड होऊन बसतं. उमरग्याकडच्या एका गावातले चन्नबसप्पा गेलेल्यांची नावं घेत घेतच जगले.

गाव नवं, भूकंपानंतर वसलेलं. जुनं गाव दगडमातीचं होतं. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसं निजली आणि पहाटे स्वतःच्याच भिंतींखाली गेली. चन्नबसप्पा दुकानाचा माल आणायला सोलापूरला गेले होते, म्हणून उरले. बायको शिवकांता आणि लेक शिवांजली उरल्या नाहीत.

भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून या माणसाने पुड्या बांधायच्या कागदावर लिहायला घेतलं. शिवकांता भाकरी थापताना काय गुणगुणायची, शिवांजली गुळाचा खडा कुठे लपवायची, तेच. लिहिता लिहिता हाताचा कंप गेला, लिहिता लिहिता भूक लागू लागली, लिहिता लिहिता एके दिवशी दुकानाची फळी पुन्हा उघडली. पुढे ते एका साप्ताहिकात छापून आलं, त्याचं पुस्तक झालं. दरवर्षी स्मृतिदिनाला चन्नबसप्पा त्यातलं पान वाचत आणि ऐकणारं गाव डोळ्यांना पदर लावी.

त्याच शेडमध्ये वडीलधाऱ्यांनी महानंदाशी त्यांचा पाट लावून दिला होता. तिचाही नवरा आणि मुलगा त्याच पहाटे गेले होते. ती माउली मुकाट्याने आली. तिने दुकानात तराजू धरला, नव्या संसारातली दोन मुलं वाढवली, आणि धनी लिहायला बसले की कागद उडू नयेत म्हणून त्यावर लोखंडी माप ठेवून दिलं. एवढ्या वर्षांत ते माप रोज कागदावर आलं. ठेवणारा हात मात्र कागदात कधी आला नाही. चन्नबसप्पांना ते जाणवलंही नाही.

मग नळदुर्गच्या एका वाचक मंडळाचं निमंत्रण आलं. त्यात लिहिलं होतं, सपत्नीक सत्कार.

“मी कशाला? मला काय बोलता येतंय?” महानंदा म्हणाली.

“बोलायचं न्हाय. नुसतं बसायचं. सपत्नीक म्हणजे बायको शेजारी पायजे.”

“दिसायला व्हय,” ती म्हणाली आणि ट्रंकेतलं हिरवं इरकल लुगडं काढायला गेली.

सत्कार थाटात झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. चन्नबसप्पांनी शिवकांतेचं पान वाचलं, टाळ्या पडल्या. मग मंडळाच्या प्रेमाबाई ओटीचं ताट घेऊन पुढे आल्या. मोठ्या हौशी बाई.

“वहिनी, आता तुम्ही नाव घ्या! आप्पांनी आम्हाला रडवलं, तुम्ही हसवा.”

“नको वं, बाई.”

“अशी कशी सुटका? घ्या, घ्या!”

आता एक सांगितलं पाहिजे. पाटाच्या बाईला मांडवात कुणी नाव घ्यायला सांगत नाही. तिला मागच्या रांगेत बसवतात. त्यामुळे चन्नबसप्पांच्या नावाचा उखाणा महानंदाने कधी जुळवलाच नव्हता. पाठ होता तो एकच, पहिल्या लग्नातला. बायका टाळ्या पिटू लागल्या. महानंदाने डोळे मिटले आणि भरभर म्हणून टाकलं,

“नळदुर्गच्या किल्ल्यात बोरीचं पानी,
श्रीशैलरावांच्या घरी नांदते शाण्यावानी.”

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. “आगं बाई, हे श्रीशैलराव कोण आणले मधीच?”

चन्नबसप्पांच्या कानांतून वाफा निघाल्या. अंगावरची शाल काट्यांची झाली. प्रेमाबाईंनी घाईघाईने ओटी भरली आणि पेढे फिरवले.

परतीच्या एसटीत अणदूर मागे पडलं. मग चन्नबसप्पा खालच्या आवाजात म्हणाले, “चार माणसांत लाज घालवलीस.”

“चुकलं,” महानंदा म्हणाली. तिची नजर खिडकीबाहेरच होती. तिने विचारलं, “एक विचारू? तुमी शिवकांताबाईचं नाव वर्साच्या वर्साला घेताव, माणसं टाळ्या देतेत. माझ्या तोंडातनं एकदा निसटलं, तर लाज गेली?”

चन्नबसप्पा आपल्याच पुस्तकाची पानं मनात चाळू लागले. त्यांना काहीतरी आठवायचं होतं, ते आठवेना. गुळाचा खडा आठवत होता, भाकरीवरचं गुणगुणणं आठवत होतं. आणि शेजारी बसलेल्या या बाईच्या लेकराचं नाव? ते विसरले नव्हते हो. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. मघाची लाज बायकोपायी होती. आताची कुणावर ढकलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन ते पूजेला बसले, पण मंत्राच्या जागी तोच प्रश्न ओठांवर येऊ लागला. पूजा आटोपून ते चुलीपाशी गेले.

“महानंदा, लेकराचं नाव काय होतं?”

तिने वर पाहिलं. “आता का? पुस्तकाला पायजे?”

चूक नव्हती तिची. त्यांनी खिशाचं पेन काढून फळीवर ठेवलं आणि जमिनीवर बसले. “लिहीत न्हाय. सांगितलंस तर ऐकीन. न्हाय सांगितलंस तरी तुझंच खरं.”

काटवटीतलं पीठ मळून तिने गोळा बाजूला ठेवला. मग म्हणाली, “विरेश.” पुन्हा म्हणाली, “विरेश.” आणि बांध फुटला. गणपती बोळवून आल्यावर पोरगं रिकाम्या पाटावर जाऊन बसलं. म्हणालं, आता मी गणपती, माझी आरती करा. श्रीशैलने ताटली वाजवली, तिने खरंच ओवाळलं, तिघंही हसून हसून लोळले.

चुलीतला जाळ विझला तरी ती बोलत होती.

“आता लिहा,” शेवटी ती म्हणाली. “पन मी सांगते तसं.”

त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. “निरागस बालक पाटावर विराजमान झालं...”

“ते काय आन् आता? विरेश पाटावर बसला. बसला म्हना.”

आयुष्यभर शब्दांना दागिने घालणाऱ्या माणसाने खाली मान घालून रेघ ओढली.

त्या वर्षीच्या स्मृतिदिनाला चन्नबसप्पांनी महानंदाला व्यासपीठावर चलायला सांगितलं. ती म्हणाली, “मी बायकांतच बरी.” चन्नबसप्पा उभे राहिले. “गणपती बोळवून आल्यावर एक लेकरू रिकाम्या पाटावर बसलं,” त्यांनी वाचलं आणि थांबले. “हे पान माझं न्हाय. नावं जिची आहेत, तिनंच घ्यावीत.”

बायकांच्या घोळक्यात हिरवं इरकल उभं राहिलं.

“विरेश,” ती म्हणाली. “आन् त्याचे वडील. श्रीशैल.”

टाळी पडली नाही. मग घोळक्यातून एका म्हातारीने भूकंपात गेलेल्या आपल्या माणसाचं नाव घेतलं, आजवर त्या सभेत कुणी न ऐकलेलं. मग आणखी एकीने. चन्नबसप्पा हातातला कागद मिटून ऐकत राहिले.