पापडाच्या पाकिटावरचा पत्ता

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर अशी दोन दिवसांची सफर करायची तर कशी करावी, असं एका वाचक मैत्रिणीने विचारलंय. सांगते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी ती केलेली आहे. फक्त उल्हासनगरच्या बॅरेकचा नंबर मला विचारू नका. तो मी एकदा छापून बसले होते आणि त्यापायी एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला आलं होतं. आणि मी बावळट, तिथे सत्कार घ्यायला निघाले होते!

नव्वद सालातली गोष्ट. मी नाशिकला शाळेत इतिहास शिकवत होते आणि माझी पहिली कादंबरी नुकतीच आली होती, 'छावणीतला सांगाडा'. महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या लष्करी छावणीतून एक गोरा कॅप्टन नाहीसा होतो, अंबरनाथच्या देवळात त्याची टोपी सापडते आणि शेवटी एका बॅरेकीच्या फरशीखाली त्याचा सांगाडा निघतो. पुढे त्याच छावणीत निर्वासित सिंधी मंडळी येऊन राहिली आणि तिचं उल्हासनगर झालं, हा इतिहास खरा. बाकी सगळं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडलेलं. मी यातलं एकही गाव पाहिलं नव्हतं.

बॅरेकला नंबर हवा होता. समोर सिंधी पापडाचं पाकीट पडलं होतं, त्यावर उल्हासनगरचा पत्ता होता. घेतला त्यातला बॅरेकचा आणि खोलीचा नंबर! कारखाना असेल, कोण बघतंय, असं वाटलं. वर प्रकाशक म्हणाले, "बाई, 'सत्य घटनेवर आधारित' असं छापू या का? खप वाढतो." इतिहासाची शिक्षिका असून मी लाजत लाजत हो म्हटलं. लाजले थोडी, आनंद जास्त झाला.

मग एका आठवड्यात दोन पत्रं आली. एक बदलापूरच्या वाचनालयाचं, शनिवारी संध्याकाळी कादंबरीवर बोलायला या म्हणून. दुसरं उल्हासनगरच्या कुणा साळव्यांचं: 'मॅडम, आपण वर्णिलेल्या बॅरेकीत मी राहतो. आपली भेट अत्यंत निकडीची आहे. सर्व मंडळी आपली वाट पाहत आहेत.' मी हे पत्र नवऱ्याला तीनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, "निकडीची म्हणजे सत्कार नसतो गं." त्याला साहित्यातलं काय कळतंय! मी सत्कारासाठी निराळी पैठणी बॅगेत घातली.

नाशिकहून कल्याण गाडीने आणि कल्याणला गाडी बदलून बदलापूर. आजही हेच सोपं पडतं. थंडीत जा. तेव्हाचं बदलापूर म्हणजे गावच होतं. स्टेशनबाहेर टांगे उभे असत. वाचनालयाचे चिटणीस देवधरकाका मला न्यायला आले होते. कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, आणि प्रत्येक गोष्ट मोजून सांगणारे. "घर इथून अकरा मिनिटं. टांगेवाला नऊ म्हणेल, ऐकू नका." घरी काकूंनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी केली होती. त्या बिरड्यासाठी मी आणखी एक खून लिहायला तयार होते.

व्याख्यानाला पन्नासएक माणसं होती. मी रंगात आले. ऐतिहासिक रहस्यकथेत जागा खरी असली पाहिजे, दगड-माती बोलली पाहिजे, वगैरे वगैरे. शेवटी मागच्या रांगेतले सफारी घातलेले एक गृहस्थ उठले. म्हणाले, "मी इथे कपड्याचं दुकान चालवतो. मराठी येते थोडी. मॅडम, एकच सांगा. हे खरंच घडलं आहे?"

इथे माणसाने सरळ 'नाही' म्हणावं की नाही? पण पन्नास माणसं, गळ्यात हार, समोर पाण्याचा ग्लास आणि त्यावर झाकलेली बशी. मी जरा खालच्या आवाजात म्हणाले, "लेखकाची काही सूत्रं असतात. ती उघड करता येत नाहीत."

टाळ्या पडल्या. गृहस्थांनी खिशातून डायरी काढून काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, माझं वाक्य आवडलं त्यांना.

रविवारी सकाळी देवधरकाकांनी मला अंबरनाथला नेलं. स्टेशनपासून देऊळ दोनेक किलोमीटर. चालत जायला हरकत नाही, रिक्षाने गेलात तर बसण्याआधी ठरवून घ्या. वालधुनीच्या काठी ते शिवालय उभं आहे. शिलाहारांच्या काळातलं, काळ्या दगडाचं आणि अंगभर कोरलेलं. सकाळच्या उन्हात मी त्याच्याभोवती फिरून पाहिलं. नऊशेहून जास्त वर्षांचं काम, आणि मी त्यावर नाशिकमध्ये बसून चार ओळी खरडल्या होत्या.

आत गेलो आणि काका खाकरले. "तुमचा कॅप्टन पान एकशेबारावर गाभाऱ्याच्या पायऱ्या धावत चढतो."

"हो."

"पायऱ्या खाली उतरतात. तो गाभारा खाली आहे. वीसेक पायऱ्या. धावला असता तर खून करायची गरजच पडली नसती."

मी खाली वाकून पाहिलं. खरंच की! पायऱ्या अंधारात उतरत होत्या, आणि खाली पिंडीवर मात्र वरून आभाळाचा उजेड पडत होता. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. "काल का नाही बोललात?" मी विचारलं. "काल तुम्ही पाहुण्या होतात," काका म्हणाले. "आज आपली ओळख झाली."

दर्शन घ्या, उतरताना दगडाला धरून उतरा, आणि कादंबरी लिहीत असाल तर आधी उतरा, मग लिहा.

अंबरनाथहून उल्हासनगर एकच स्टेशन. काकांचा निरोप घेऊन मी प्रतीक्षालयात पैठणी नेसून निघाले. स्टेशनवर साळवे उभे होते. चाळिशीचे, शहाडच्या एका कारखान्यात कामाला, खिशाला दोन पेनं. माझी पैठणी बघून त्यांचा चेहरा पडला.

"मॅडम, तुम्हाला गैरसमज झालाय वाटतं."

रिक्षात त्यांनी सगळं सांगितलं. कादंबरीत आपल्या बॅरेकीचं नाव आलं म्हणून हा माणूस हरखून गेला. आठ दिवस रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्याने अख्खी कादंबरी हिंदीत करून शेजाऱ्यांना ऐकवली. लोकांना भारी आवडली. ज्या खोलीत मी सांगाडा पुरला होता, त्या खोलीत लाजवंतीबाई नावाच्या विधवा बाई राहत होत्या, मुलीला घेऊन पापड लाटायच्या. मुलगी कविता. तिचं लग्न ठरलेलं. गोष्ट फिरत फिरत मुलाच्या आजीच्या कानावर गेली. ज्या मुलीने बावीस वर्षं मुडद्यावर अंथरूण घातलं, ती आमच्या घरात नको, असं आजीने जाहीर केलं.

"आज ते शेवटचं बोलायला आलेत," साळवे म्हणाले. "मी म्हटलं, लिहिणारीलाच बोलावतो, ती सांगेल खोटं आहे म्हणून. आग मीच लावली ना मॅडम. आता घास गिळवत नाही."

पदर कुठे लपवू असं झालं.

बॅरेक म्हणजे लांबच लांब बैठी इमारत. सैनिकांसाठी बांधलेली, मग एकेका कुटुंबाला एकेक खोली, पुढे ओटा, आणि ओट्यावर ज्याचा त्याचा संसार. आत गेले तर जमिनीवर स्वच्छ चादर, त्यावर पांढऱ्या साडीतल्या ठेंगण्या आजी. सगळे त्यांना दादी म्हणत होते. त्यांच्या शेजारी सफारीतले गृहस्थ, कालचे, डायरीसकट! ते मुलाचे चाचा निघाले. धरणीमाते, पोटात घे. पण त्या धरणीत आधीच माझा कॅप्टन होता.

सिंधी घरात पाहुण्याला आधी पापड आणि पाणी देतात. कविता ताट घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "मॅडम, तुम्हाला दुसरा कुठला नंबर मिळाला नाही?"

मी ताटातला पापड उगाच उचलला.

"मी वाचलं तुमचं पुस्तक," ती म्हणाली. "चांगलं आहे. शेवटी रडलेसुद्धा. पण ते माझं घर आहे हो."

इतकी शरम मला आयुष्यात वाटलेली नाही. मी हात जोडून मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की सगळं खोटं आहे. कॅप्टन खोटा, सांगाडा खोटा, पत्ता याच घराच्या पापडाच्या पाकिटावरून घेतलेला.

चाचांनी डायरी उघडली. "कल आपने बोला, लेखक के सूत्र होते हैं. कल सच, आज झूठ?"

"काल मी खोटं बोलले," मी म्हटलं. "मोठेपणा वाटावा म्हणून."

"और ये?" त्यांनी मुखपृष्ठावर बोट ठेवलं. सत्य घटनेवर आधारित.

"तेही खोटं. खप वाढावा म्हणून."

"छपा हुआ झूठ कैसे होगा?" दादी पहिल्यांदाच बोलल्या. "इसको पैसा खिलाया है. कोई अपने सिर से मुर्दा निकाल सकता है क्या?"

"निकाल सकता है, दादी," साळवे कळवळून म्हणाले. "यही इनका काम है."

दादींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पैठणीवर जरा जास्तच थांबल्या. मग म्हणाल्या, "अच्छा? तो अभी निकाल. मेरे घर में. मेरे घर में किसी को मार के दिखा."

लाजवंतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलाकडच्यांसमोर, लग्नाच्या बोलणीत, त्यांच्याच घरात मुडदा पाडायचा! पण दुसरा मार्ग नव्हता. मी पाणी प्यायले आणि विचारलं, "दादी, तुमच्याकडे रविवारी काय करतात?"

"कढी."

"घरात पेटी आहे? तिची किल्ली कुणाकडे?"

"मेरे पास," दादींनी कमरेला हात लावला.

"तर असाच एक रविवार," मी सुरू केलं. "कढी उकळतेय. चाचा दुकान बंद करून आले. पहिली वाटी प्यायले. म्हणाले, आज स्वाद अलग आहे. दुसरी वाटी घेतली. अर्ध्यावर हात थांबला, डोळे फिरले, आणि चाचा ताटात आडवे."

चाचांचा पापड तोंडाशीच राहिला. "मैं ही क्यों?"

"चुप," दादी म्हणाल्या. "तू मर गया है. आगे?"

आगे मी काय सांगितलं ते मला आज धड आठवत नाही. पेटी उघडी निघाली, किल्ली मात्र दादींच्या कमरेलाच. दोन्ही सुना एकमेकींकडे बघेनात. ओट्यावर अख्खी बॅरेक जमली होती, साळवे दारात उभे राहून मागच्यांना पोचवत होते. दादी सरकत सरकत माझ्या गुडघ्याला येऊन टेकल्या. शेवटी मी कढीच्या पातेल्यात पळी फिरवली आणि तळाशी काहीतरी खणकलं. एक बांगडी.

"किसकी?" दादींनी माझं मनगट धरलं. "बोल ना, किसकी चूड़ी?"

खरं सांगते, मलाच माहीत नव्हतं. इतक्या लवकर कुठलं सुचतंय! मी कविताकडे पाहिलं. ती ताट छातीशी धरून, श्वास रोखून ऐकत होती.

"ते लग्नात सांगेन," मी म्हटलं. "कविताच्या."

दादींनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग मांडीवर थाप मारून हसल्या, पुढचे दोन दात नसलेलं हसू. "झूठी है! पक्की झूठी है!" त्या चाचांकडे वळल्या. "इसकी किताब भी झूठी. डायरी बंद कर. लड़की हमारी."

लाजवंतीबाई रडायला लागल्या, साळवे त्यांच्याहून जास्त. मला दालपकवान वाढलं. कडक पकवान आणि वर चटणी घातलेली डाळ, उल्हासनगरला गेलात आणि हे खाल्लं नाहीत तर तिकीट फुकट गेलं समजा. खाताना डाळ पैठणीवर सांडली. तो डाग अजून आहे.

नाशिकला आल्यावर नवऱ्याने विचारलं, "झाला सत्कार?" मी म्हटलं, झाला. मग प्रकाशकांना पत्र लिहिलं. दुसऱ्या आवृत्तीत 'सत्य घटना' काढली, गाभाऱ्याच्या पायऱ्या खाली उतरवल्या आणि बॅरेकचा नंबर बदलला. तो नंबर कुठे नाहीच, याची साळव्यांना सगळे कॅम्प, म्हणजे उल्हासनगरचे विभाग, फिरायला लावून खात्री करून घेतली. सत्य घटनेशिवाय पुस्तक कमी खपलं, हेही प्रामाणिकपणे सांगते.

लग्नाला मी गेले. पाच महिने डोकं खाजवून उत्तर शोधलं होतं. मांडवात दादींच्या कानात सांगितलं: बांगडी तुमचीच, खून तुम्हीच केलात. त्या इतक्या खूश झाल्या की हातातली एक बांगडी काढून माझ्या हातात घातली. पुढे साळव्यांच्या पत्रातून कळलं की दादी गल्लीत आल्यागेल्याला ही गोष्ट घडलेली म्हणून सांगतात, आणि चाचा शेजारी बसून निमूटपणे ऐकतात.

दर दिवाळीला कविताकडून पापडाचं पाकीट येतं. अजूनही येतं. आता धंदा तिच्या हातात आहे, पाकीट रंगीत झालंय, वर नाव आहे, वजन आहे, मसाल्यांची यादी आहे. पत्त्याच्या जागी मात्र माझ्या पाकिटावर दरवर्षी न चुकता एक कोरी पट्टी चिकटवलेली असते. पहिल्या वर्षी त्या पट्टीवर तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मॅडम, राग मानू नका. पण तुमचा भरवसा नाही.'