तीन शाळांचा पाहुणा

चित्रकलेच्या मास्तरांना सगळे 'पाहुणे' म्हणत, आणि तेही तोंडावर. शिक्षण मंडळाच्या पाचवी ते आठवीच्या तीन सरकारी शाळा होत्या आणि तिन्ही मिळून चित्रकलेचा मास्तर एकच. सोमवार-मंगळवार टेकडीवरची शाळा, बुधवार-गुरुवार गिरणीमागची, शुक्रवार-शनिवार पुलाजवळची. तिन्हीकडे सही करायची, कपाट मात्र कुठेच नाही. रंगांच्या बाटल्या, ब्रश, डबा असं सगळं बिऱ्हाड खांद्यावरच्या पिशवीत. दोन डगरींवर पाय ठेवणारा पडतो म्हणतात. पाहुण्यांच्या डगरी तीन होत्या, आणि पाय मात्र इतरांना असतात तेवढेच.

शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्ची मिळायची ती कुणी रजेवर असलं तर. नाहीतर खिडकीचा कठडा. मग त्यांनी युक्ती काढली. जिथे जायचं तिथे दुसऱ्या शाळेची घाण न्यायची. घाण नेली की लोक सरकून जागा देतात.

टेकडीवर ते सांगायचे, "पुलाजवळ सातवीच्या पोराला म्हटलं, नकाशात समुद्र दाखव. त्यानं भिंतीवरच्या ओलीच्या डागावर बोट ठेवलं!" पुलाजवळ सांगायचे, "टेकडीवर तपासणी आली की हुशार पोरं पहिल्या बाकांवर, बाकीची मैदानात गवत उपटायला." आणि गिरणीमागची शाळा दोन्हीकडे चालायची. "गिरणीचा खडखडाट एवढा, की पोरं पाढे खुणांनी म्हणतात." यातलं निम्मं खरं, निम्मं चहा थंड होऊ नये म्हणून.

गिरणीमागच्या हेडबाई मात्र ऐकायच्याच नाहीत. "सर, चहा घ्या. बातम्या राहू द्या." खुर्चीही द्यायच्या, स्वतःच्या शेजारची. पण फुकट मिळालेल्या खुर्चीची किंमत कोण करतो? पाहुणे तिथे बसून जांभया देत.

घरी बायको म्हणायची, "अहो, एक दिवस तिन्ही शाळा एका खोलीत आल्या तर?"

"शाळांना काय पाय असतात?"

"शाळांना नसतात. हेडमास्तरांना असतात."

पुढे पोरं कमी झाली आणि मंडळाने ठरवलं, तिघींतली एक शाळा बंद करायची. उरलेल्या दोघींपैकी एकीला चित्रकलेची पूर्ण वेळची जागा मिळणार होती. पाहुण्यांची झोप उडाली. एकच शाळा, एकच खोली, स्वतःचं कपाट! एवढ्यासाठी तर अर्धं आयुष्य पिशवी वाहिली होती. आणि ही जागा मिळाली नाही तर मंडळ दूरच्या कुठल्या शाळांच्या फेऱ्यांवर धाडणार, हेही माहीत होतं.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा निरोप आला. तिन्ही शाळा आतून पाहिलेला माणूस तुम्हीच, बुधवारी दुपारी येऊन तुलना सांगा. पाहुणे फुगले. बायको म्हणाली, "शर्टाला इस्त्री मी केली. जिभेला कोण करणार?"

साहेबांचं दार लोटून पाहुणे आत गेले आणि जागीच थिजले. भिंतीलगतच्या बाकावर तिन्ही शाळांचे हेड मांडीला मांडी लावून बसले होते.

"बसा," साहेब म्हणाले. "बोला, कोणती शाळा कशी?"

"तशा तिन्ही चांगल्याच आहेत, साहेब."

टेकडीवरचे हेडसर खाकरले. "पाहुणे, लाजता काय? तो समुद्राचा किस्सा सांगा की."

पुलाजवळच्या हेडबाईंनी मान वळवली. "कसला समुद्र?"

"तुमच्या शाळेतला. भिंतीवरचा."

"असं होय? मग सर, ते गवत उपटणंही सांगा. टेकडीवरचं. तुम्हीच सांगितलंत ना आम्हाला, पोटभर हसून?"

हेडसरांचा चेहरा काळवंडला. साहेब मात्र रंगात आले होते. हसू दाबत म्हणाले, "म्हणजे दोन्ही शाळा भंगारच म्हणायच्या! बरं, वेळ नका घालवू. बंद कुठली करू?"

पाहुण्यांनी बाकाकडे पाहिलं. दोन चेहरे त्यांना गिळायला बसले होते. तिसरा चेहरा गिरणीमागच्या बाईंचा. मांडीवर हात, नजर पाहुण्यांवर, आणि त्या नजरेत राग नव्हता. गरीब गाय आणि पोटात पाय, असं कुठे दिसत नव्हतं. पाहुण्यांनी तिथेच पाय दिला.

"गिरणीमागची," ते म्हणाले. "तिथे शिकवलेलं ऐकूच येत नाही, साहेब. पोरं पाढे खुणांनी म्हणतात."

साहेबांनी मान डोलावली. "माझाही कल तिकडेच होता. झालं तर मग. आता चित्रकलेची जागा. हेडसर, यांना तुम्ही घेता?"

"आमच्याकडे गवत फार आहे, साहेब. यांना सवय नाही."

"बाई, तुम्ही?"

"नको बाई. भिंतीला आधीच ओल आहे, आणखी कशाला पाझर?"

सगळे हसले. हसता हसता साहेब गिरणीमागच्या बाईंना म्हणाले, "गंमत बघा. तुम्हीच परवा माझ्या मागे लागला होतात. शाळा ठेवा, चित्रकला पूर्ण वेळ द्या, आणि मास्तर हेच हवेत." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बाईंना वाटतं तुमचा हात फार चांगला आहे. असेलही."

पाहुण्यांनी पिशवी खांद्यावर टाकली आणि ते दाराकडे वळले.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी त्यांना गाठलं. पाहुण्यांनी हात जोडले. बाईंनी त्या हातांकडे पाहिलंही नाही.

"उद्या गुरुवार. तुमचा वार आमच्याकडे आहे. पहिला तास आठवीवर घ्या, आणि पोरांना तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी गिरणी नेहमीसारखी चालू होती आणि वर्गात शब्द न् शब्द ऐकू येत होता. पाहुण्यांनी फळ्याकडे तोंड करून सांगितलं, शाळा बंद होणार. मागे बाक करकरले. एक मुलगी उभी राहिली.

"का, सर? आम्ही काय केलं?"

"तुम्ही काही नाही केलं, बाळ. वरून हुकूम आला."

दारात बाई उभ्या होत्या. आवाज अजिबात न चढवता त्या म्हणाल्या, "सर, तिकडे काय सांगितलंत, तेच इथे सांगा. पाढे कसे म्हणतात आमची पोरं?"

पाहुणे वळले. सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत होता.