काठोकाठ भरलेली टाकी

शोभनाताई दाबके गाडीत कशा बसतात, हे आमच्या स्टुटगार्टच्या मराठी मंडळात सगळ्यांना पाठ होतं. पर्स मांडीवर, पाठ ताठ, नजर समोरच्या रस्त्यावर. गप्पा नाहीत, डुलकी नाही. गणपतीला, कोजागिरीला किंवा कुणाच्या बारशाला त्यांची हिरवी ओपेल दारात थांबली, की डावीकडून दाबके उतरायचे आणि उजवीकडून ही ताठ मूर्ती. आम्ही बाकीच्या बायका एव्हाना गाड्या घेऊन स्टुटगार्टभर हुंदडत होतो. "शोभनाताई, तुम्ही का नाही हो शिकत?" असं कुणी विचारलं, की त्यांच्याआधी दाबकेच उत्तर द्यायचे, "मी आहे ना."

मला या तीन शब्दांचा फार राग आहे. माझ्या आईने ते आयुष्यभर ऐकले आणि वडील गेल्यावर तिला बँकेत स्लिप भरता येईना. तरी दाबक्यांवर मला पुरतं रागावता यायचं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

मी स्टुटगार्टला लागून असलेल्या गेर्लिंगेन गावात, मुख्य रस्त्यावरच्या हेर कुगलर यांच्या विमा एजन्सीत काम करते. इथली बहुतेक मराठी कुटुंबं गाडीचा विमा माझ्याकडेच उतरवतात. कागद जर्मनमध्ये असले तरी कुरकुर मराठीत करता येते, हे त्यामागचं खरं कारण. दाबके इथल्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर होते, सगळं वेळेवर आणि जागच्या जागी ठेवणारे. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत, निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना, ऑफिसातच त्यांचं हृदय थांबलं. हिरवी ओपेल तेव्हापासून बिल्डिंगखालच्या गॅरेजमध्ये उभी होती.

जुलै संपत आला होता. वर्ल्डकप संपून दोन-तीन आठवडे झाले तरी समोरच्या बाल्कनीतला झेंडा कुणी काढला नव्हता. कुगलर सुट्टीवर गेलेले, मी एकटीच दुकान सांभाळत होते. शोभनाताई आल्या आणि त्यांच्या मागे ईप्सिता, त्यांची मुलगी. अठरा पूर्ण झालेली, नुकतंच लायसन्स मिळालेली. ते प्लास्टिकचं कार्ड तिने पाकिटातसुद्धा ठेवलं नव्हतं, हातातच होतं.

"सुरेखा, हिला ऑगस्टभर गाडी हवीय," शोभनाताई म्हणाल्या. "ऑक्टोबरपासून ड्रेस्डेनला शिकायला जाणार. त्याआधी थोडा हात साफ होईल. तेवढ्यापुरता विमा होतो ना?"

"होतो की. एक महिन्यासाठी जादा चालक म्हणून नाव घालता येतं."

"पण मुळात गाडी राहायला हवी," त्या म्हणाल्या. "विमा अजून ह्यांच्याच नावावर आहे. तुमच्या कंपनीचं पत्र आलंय, महिनाअखेर कुणाच्या तरी नावावर करा म्हणून. लेओनबेर्गचा एक डीलर दोनदा येऊन गेला. म्हणतो, उभी गाडी कुजते, मला द्या. मला नाही द्यायची गं. ह्यांचं बाकी सगळं आवरलं मी. कपडे दिले, पुस्तकं दिली. गाडी नाही द्यायची."

हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. बोटं मात्र पर्सची चेन उघडझाप करत होती.

ईप्सिता इथेच जन्मली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधून येतं. तिने सगळा अभ्यास करून ठेवला होता. पापांनी इतकी वर्षं एकही अपघात केला नाही, त्याची सूट कुटुंबातल्या माणसाला मिळते, तर ती माझ्या नावावर करा आणि गाडीही माझ्या नावावर करा, असं तिने एका दमात सांगितलं. "गेनाऊ?" म्हणजे बरोबर ना, असंही वर विचारलं.

"अर्धंच गेनाऊ," मी म्हटलं. "पापांची बिनअपघाताची वर्षं घरातल्या माणसाला घेता येतात. पण त्या माणसाकडे स्वतःचं लायसन्स जितकी वर्षं आहे, तितकीच. तुझ्याकडे आहे दोन आठवडे."

म्हणजे ईप्सिताच्या हाती काहीच लागत नव्हतं. नवख्या चालकाचा पूर्ण हप्ता किती होतो ते मी तिला स्क्रीनवर दाखवलं आणि तिचा चेहरा उतरला. तेवढ्या पैशांत तर डीलरकडची आणखी एक जुनी गाडी दारात उभी राहिली असती.

"आणि घरात आणखी कुणाकडे जुनं लायसन्स असेल तर?" मी विचारलं. विचारताना मी शोभनाताईंकडे पाहिलं नाही, कीबोर्डकडे पाहिलं.

ईप्सिताच बोलली. ममाला गाडी चालवता येत नाही, पापाच चालवायचे, हे तुम्हाला माहीत आहे की.

शोभनाताईंनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून एक घडी काढून माझ्यासमोर ठेवली. करड्या कापडी कागदाचं जुनं जर्मन लायसन्स, पंच्याऐंशी सालचं. फोटोतली बाई अगदी पोरसवदा, दोन वेण्या घातलेली, आणि आत्तासारखीच ताठ.

ईप्सिताने ते उचललं आणि फोटो आणि आई असं दोन-तीनदा आळीपाळीने पाहिलं. "ममा?"

"अगं, माझ्या वडिलांचं सांगलीत मोटार ट्रेनिंग स्कूल होतं," शोभनाताई म्हणाल्या. "लग्नाआधी मी शिकवायचे तिथे. बायकांची बॅच माझी. फियाटला माझ्या बाजूलाही एक ब्रेक बसवलेला. वकिलांच्या मिसेस, डॉक्टरीणबाई, अर्धी सांगली माझ्या शेजारी बसून शिकली."

मग कळलं, की रस्त्याकडे तसं बघत बसायची सवय कुठून आली. ती प्रवाशाची बैठक नव्हतीच. ती मास्तरणीची होती, फक्त पायाखाली ब्रेक नव्हता.

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. जर्मनीत आल्यावर दोघांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या, दाबके नापास. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे ते चौकात विसरले. दुसऱ्या खेपेला तेही पास झाले, पण मधल्या काळात घरात त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. पहिल्या हिवाळ्यात बर्फावर शोभनाताई गाडी चालवत होत्या, शेजारी दाबके "ब्रेक, अगं ब्रेक" करत डॅशबोर्ड धरून बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, "तू राहू दे. मी आहे ना."

"आणि मी राहू दिलं," शोभनाताई म्हणाल्या. "तेव्हा भांडायचं सुचलं नाही. नंतर त्याची सवय झाली. एकदा बोललेलं मागे कसं घ्यायचं, ते ह्यांना कधी जमलं नाही, आणि मागायचं कसं, ते मला."

मी कंपनीचा प्रश्न वाचला. वर्षं नावावर घ्यायची तर ही गाडी आपण नियमित चालवत होतो, असं घेणाऱ्याने स्वतः सांगावं लागतं. हे नियमातलं आहे. पण खरं सांगते, नियम नसता तरी मी विचारलं असतं. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

शोभनाताईंनी ईप्सिताच्या हातून लायसन्स घेतलं आणि त्याची सावकाश घडी घातली. ईप्सिताने माझ्याकडे पाहून खांदे उडवले. हो लिहून टाका की, असा त्याचा अर्थ. पोरीला वाटत होतं की आईला खोटं बोलायला जड जातंय. आईला खरं जड जात होतं.

"चालवलीय," त्या शेवटी म्हणाल्या. "चोरून. हे नाशिकच्या, बंगलोरच्या प्लँटला दौऱ्यावर जायचे ना, तेव्हा. हिला किंडरगार्टनला, पुढे शाळेत सोडायचं आणि गाडी काढायची. वर सॉलिट्यूडच्या महालापर्यंत, कधी लेओनबेर्गवरून वळसा घालून. किती वर्षं ते. कुणाला सांगितलं नाही. विमानतळावर ह्यांना आणायला मात्र एस-बानने, लोकल ट्रेनने जायचे." त्यांनी ईप्सिताचा हात धरला. "तुझ्या पापांना मी फसवलं गं. एवढा विश्वास होता त्यांचा. आता कबूल करायला माणूसच नाही."

आणि त्या रडायला लागल्या. दाबक्यांच्या अंत्यविधीला न रडलेली बाई माझ्या टेबलासमोर रडत होती.

मी दाबक्यांना शब्द दिला होता. तो मी त्या क्षणी मोडला आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी विम्याच्या अटी बदलल्या आणि गाडी कोणकोण चालवणार ते कंपनी विचारायला लागली. दाबके एकटेच आले होते. ओव्हरकोट न काढता बसले. "तुम्ही एकटेच ना?" मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. बायकोचंही नाव घाला." मी चकित. दाबके कधी नव्हे ते लाजले. म्हणाले, "मी दौऱ्यावर गेलो की ती चालवते. मला कळत नाही असं तिला वाटतं. अहो, जाताना टाकी अर्धी असते, परत येतो तर काठोकाठ. जर्मनीतले चोर काय पेट्रोल भरून जातात?"

मी हसत सुटले. काटा नेमका कुठे होता ते शोभनाताईंच्या लक्षात राहायचं नाही, म्हणून त्या सरळ टाकी पूर्ण भरून ठेवायच्या. चोरीत सुद्धा कुणाचं बुडवायचं नाही, हा सांगलीचा हिशोब.

"मग तिला सांगा ना, उघड चालव म्हणून," मी म्हटलं होतं.

"विचारलं तर ती शरमेने चालवायचीच बंद होईल," दाबके म्हणाले. "ओळखतो मी तिला. तुम्हीही बोलू नका. फक्त नाव घाला. काही झालंच, तर तिच्या अंगावर यायला नको." मग उठता उठता थांबले. "चूक माझी आहे, कळतं मला. पण इतक्या वर्षांनी एकदम कसं म्हणायचं? निवृत्त झालो की मी किल्ली तिच्या हातात देणार आहे. म्हणणार, माझे गुडघे दुखतात, आता तू चालव. इटलीपर्यंत जायचं. मी आपला शेजारी बसणार, डॅशबोर्ड न धरता."

हे सगळं मी जसंच्या तसं सांगितलं. गुडघ्यांचं ऐकून ईप्सिता हुंदका देत हसली. तिच्या पापांचे गुडघे ठणठणीत होते.

शोभनाताईंचं रडणं थांबलं होतं. "डॅशबोर्ड न धरता, असं म्हणाले?"

"असंच."

"मलाही तेच हवं होतं गं," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही. दर वेळी सॉलिट्यूडला गाडी उभी करून मी शेजारच्या सीटकडे बघायचे. वाटायचं, एकदा तरी मी चालवावं आणि हे इथे बसावेत. आमच्या घरात दोघांना एकच गोष्ट हवी होती आणि दोघंही गप्प." थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. "लिही. नियमित चालवली."

मी लिहिलं. दाबक्यांची बिनअपघाताची सगळी वर्षं शोभनाताईंच्या नावावर गेली, ईप्सिताचं नाव ऑगस्टपुरतं जादा चालक म्हणून बसलं. तिचं नाव एक तारखेपासून लागू होणार होतं. ईप्सिताने तोंड वाकडं केलं. पहिली तारीख यायला अजून काही दिवस होते आणि मधे रविवार होता.

त्या रविवारी मी बेकरीतून ब्रोटशेन, म्हणजे इथले गोल पाव, घेऊन घरी निघाले होते. मागून हॉर्न वाजला. रविवारी सकाळी गेर्लिंगेनमध्ये हॉर्न म्हणजे शेजारीपाजारी पोलिसांत जातील, म्हणून मी रागाने वळले. हिरवी ओपेल फुटपाथला लागली होती. सीट पार पुढे ओढलेली, शोभनाताई स्टिअरिंगला चिकटून, पाठ ताठ.

"कुठे निघालात?" मी उजव्या खिडकीशी वाकून विचारलं.

"सॉलिट्यूड."

"टाकी काठोकाठ असेल."

"अर्धी आहे," त्या म्हणाल्या. "आता लपवायचं कुणापासून?" त्यांनी हे हसत म्हटलं, पण मला हसू आलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ईप्सिता मागच्या सीटवर बसली आहे. नवीन लायसन्स मिळालेली पोर, तिने तर पुढे बसून एकेक गिअर बघायचा. मी तिला म्हटलं, "अगं, पुढची जागा रिकामी आहे की. पुढे बस."

ईप्सिताने मान हलवली. "बेझेट्स्ट," ती म्हणाली. इथे ट्रेनमध्ये एखाद्या सीटवर माणूस यायचा असला, की शेजारचा हाच शब्द सांगतो. जागा घेतलेली आहे.

शोभनाताईंनी आरसा पाहिला, सिग्नल दिला आणि सांगलीत शिकवत असतील तशी मागे एकदा मान वळवून गाडी रस्त्यावर घेतली. मी ब्रोटशेनची पिशवी धरून बघत राहिले. पुढे रस्ता सरळ होता, लांबपर्यंत कुठे वळण नव्हतं. तरी बसथांब्याच्या पुढे गेल्यावर त्यांनी उजवीकडे मान वळवून पाहिलेलं मला मागूनही दिसलं.