राणीचं गिऱ्हाईक

दुकान जोरात चालतं तेव्हा गप्पांना वेळ नसतो. मंदी आली की किस्सेच किस्से! तिरोड्यात माझं पेट शॉप आहे. राणी नावाची इग्वाना पाळून मी तिची पिल्लं विकतो. सध्या ती खपत नाहीत. पण दुकान बंद करेन तर नाव बदलीन!

*

इग्वाना म्हणजे पाला खाणारा मोठा परदेशी सरडा. नागझिऱ्याच्या जंगलात गाइड असलेला माझा साळा राणीला पहिल्यांदा पाहून ओरडला, "जिजाजी, घोरपड पाळली? जेलात जाता काय?"

तेव्हापासून राणीच्या सरकारी नोंदणीचा कागद फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावलाय. एक आजी दोन्हींना हात जोडून गेली!

*

केशोरीचं एक जोडपं आलं. काकांनी भाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या.

"एवढ्या पैशात बोलते का जी हे?"

"नाही जी. जन्मात हूं का चूं करत नाही."

काकू लगेच म्हणाल्या, "मंग घेऊनच चला. घरात एक तरी चूप राहील!"

शेवटी माशांच्या खाद्याची पुडी नेली.

*

पिल्लू नेलेल्या एका गिऱ्हाइकाचं ठेकेदाराकडचं काम सुटलं. ते परत आणून म्हणाला, "काम लागेपर्यंत सांभाळा, दादा." आता रोज शेवग्याचा पाला घेऊन येतो, तासभर भरवतो.

"घरी असताना कधी भरवलं होतंस?"

"तवा ड्युटी होती ना!"

*

माझ्या बायकोचा, सुनीताचा, एकच धोशा: "राणीले विका, किराणा भरा." पिल्लं खपेनात, म्हणून यंदा अंडी उबवायची गरम पेटी रिकामीच होती. एक दिवस उघडतो तर आत दह्याचं भांडं!

"अवं, हे काय?"

"धंद्यातून काहीतरी निघाले पायजे ना!"

दही मात्र झकास लागलं होतं.

*

शेवटी दुकान टिकवायचं म्हणून मीच मन घट्ट केलं. राणीला विकायला रायपूरच्या एका फार्महाऊसवाल्याला फोन केला. तो गाडी घेऊन आला. राणीला मांडीवर घेतलं, खूश झाला.

"कोई तकलीफ तो नहीं देती?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सुनीताने चहा पुढे ठेवला. "रात भर चिल्लाती है, भैया! पूरा मोहल्ला झगड़ने आता है!"

त्याने राणीला हळूच खाली ठेवलं, चहा प्यायला आणि गेला.

मी बायकोकडे पाहतच राहिलो.

"पाहून काय राहिले? पेटीतून दही काढलं मी. अंड्यांची तयारी करा!"