डाव्या कोपऱ्याची दर्शना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं सोपं समजू नका, बाहेर दोन वडे खाऊन आलो तर ती माझ्या पाणी पिण्यावरून ओळखते. तरी हे राहिलं. सहा वर्षं राहिलं. तुमची-माझी ओळख नाही, मुलींच्या कबड्डीशी तुमचा संबंध नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. की आता पोटात मावत नाही म्हणून? तसंही असेल.

शहापूरच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. दिवसभर ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. पाच वाजले की मशीन बंद, आणि मग मैदान. वीस वर्षं झाली मुलींना कबड्डी शिकवतोय. सगळ्या मला मामा म्हणतात. दर हिवाळ्यात शहापूर-मुरबाडकडच्या आठ संघांची स्पर्धा होते, तिची रीत आधी सांगायला हवी. नवीन मुलींची एकच यादी निघते. कुणी आधी निवडायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, मग पाळीपाळीनं एकेकीचं नाव घ्यायचं. ज्या संघानं नाव घेतलं त्याच्याकडे ती मुलगी तीन हिवाळे. मधेच दुसऱ्या संघाला ती हवी असली तर पहिल्याच्या प्रमुखानं लिहून मोकळं करायचं. त्याची सही नाही तर काही नाही. आमच्या संघाचा प्रमुख मी.

सात वर्षांमागे पहिली चिठ्ठी माझी निघाली. वीस वर्षांत पहिल्यांदा! यादीत शेणव्याची एक उंच, दणकट पोर होती, मामा तिलाच घेणार हे सगळे धरून चालले होते. मी उभा राहिलो आणि म्हटलं — दर्शना. सभागृहात सगळे यादी चाळायला लागले. कोण दर्शना? मला काय मजा वाटली म्हणून सांगू. जे कुणाला दिसलं नाही ते मला दिसलं, असं वाटण्यात एक नशा असते हो.

दर्शनाला मी एकदाच पाहिलं होतं. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला तिचा पाडा. भात कापून झालेल्या खाचरात सामने लावले होते. ही बारकीशी मुलगी चढाईला गेली की दोघी-तिघींना शिवून अशी परत यायची, की धरणारीच्या हाताला वारासुद्धा लागत नव्हता. पण मी पाहिला अर्धाच सामना. खाली यायची शेवटची जीप सुटणार होती, मध्यंतराला मी उठलो. वर्षभरानं पुन्हा तिथे गेलो तेव्हा उतार पायाला लागला. त्या दिवशी पहिल्या डावात दर्शनाचा संघ खालच्या अंगाला होता. ती चढावर जायची आणि उतारानं मध्यरेषेवर घरंगळत परत यायची! बाजू बदलल्यावर काय झालं ते मी पाहिलंच नव्हतं. पाड्यावरच्या बायका मला पाहून पदरात तोंड लपवून हसल्या. मीही हसलो, करतो काय.

सपाट मॅटवर दर्शनाचं काय झालं ते आता तुम्हीच ओळखा. चढाईला जायची आणि तिकडेच राहायची. पहिल्या हिवाळ्यात तिला हातपाय धरून उचललेलं मी इतक्यांदा पाहिलं की मोजणं सोडलं. इतर संघांचे लोक दुकानासमोरून जाताना विचारायचे, काय मामा, हुकमाचा पत्ता कसा आहे?

मग मी भाषण ठोकायचो. नवीन मुलीला किती वेळ द्यावा, कधी हात टेकावेत — या विषयावर माझ्यासारखा बोलणारा तुम्हाला दोन तालुक्यांत मिळणार नाही. पहिला हिवाळा पायांचा, दुसरा डोक्याचा, तिसऱ्यात फळ. सोडायची घाई करायची नाही. लोक माना डोलवायचे. म्हणायचे, मामाचं काळीज मोठं.

मोठं कसलं! चौथ्या सामन्यालाच मी मनातून तिला सोडलं होतं. पण मोकळं केलं नाही. मोकळं केलं तर काय झालं असतं? पहिली चिठ्ठी मामानं वाया घालवली, हे माझ्याच सहीनं जगजाहीर झालं असतं. म्हणून ठेवली. बाकावर.

आणि पोर अशी, की तिच्यावर जीव जडावा. सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. येताना पिशवीत काही ना काही — कधी काकड्या, कधी शेवळाची रानभाजी, तीही आईनं नीट निवडून बांधलेली. ‘मामींना सांगा, आंबट काकडं असत्यात ना रानातली, ती घालूनच करा, नायतर घसा खाजंल.’ एखादी हरून रडायला लागली की तिची अशी नक्कल करायची की रडणारीच हसत सुटायची. माझी नक्कल तर काय विचारता, तोंडात टाचण्या धरून बोलतो तशी हुबेहूब. बाकावर बसून ती समोरच्यांचे पाय बघायची. हळूच म्हणायची, मामा, ती निळ्या पट्टीवाली वळताना डावा पाय मागं ठेवते बघा. खरंच ठेवायची. एकदा सरावात, गमतीत, तिनं आमच्या सगळ्यात चपळ मुलीचा घोटा धरला. दोन्ही हातांनी, खाली बसून. ती मुलगी जागची हलली नाही. तुम्हाला खेळातलं कळत नसलं तरी सांगतो — जिला असा घोटा धरता येतो तिला कोपऱ्यात उभी करतात. चढाईला धाडत नाहीत. मी पाहिलं. शिट्टी वाजवली आणि म्हटलं, पुरे झाली मस्ती.

घरच्यांनी तिला तीन हिवाळे दिले होते. तिसरा सरला की लग्न. हे तिनंच मला सांगितलं होतं, हसत. मामा, तीन वर्सांत कायतरी करून दाखवते, मग आमचा बा स्वतः थांबवंल लग्न. मी म्हटलं होतं, दाखवशील गो. तेव्हा तरी खरंच म्हटलं होतं.

दुसरा हिवाळा सुरू होताना मुरबाडहून पुष्पाताई आल्या. तिकडच्या एका संघाच्या त्या प्रमुख, एके काळच्या नावाजलेल्या खेळाडू. ब्लाउजचं कापड घेऊन आल्या होत्या — मुरबाडात काय शिवणारे नाहीत? मापं देऊन झाली आणि मुद्द्यावर आल्या. ‘भाऊ, दर्शनाला मोकळी करा. ती चढाईची नाय, डाव्या कोपऱ्याची पोर आहे. मी पहिल्या दिवसापासून खेळवीन तिला.’

असं समजा, कुणी भर बाजारात माझा कान पिळला. कारण ते खरं होतं. मला ठाऊक होतं. मी म्हटलं, तिला विचारतो.

तिसऱ्या दिवशी पुष्पाताईंना फोन केला. म्हटलं, विचारलं हो, नाय म्हणते, मामाचा संघ सोडणार नाय म्हणते.

मी विचारलंच नव्हतं.

का? किती वेळा घोळवलं मनात. ती तिकडे जाऊन पुन्हा पडली असती तर मला काहीच झालं नसतं. ती उभी राहिली असती तर? माझ्यासमोर, मुरबाडच्या शर्टात, माझ्याच मुलींचे घोटे धरून? लोक म्हणाले असते, मामाला वर्षभर हातातली पोर ओळखता आली नाही. एवढंच. एवढ्यासाठी.

बरं, मग निदान आपल्या कोपऱ्यात तरी उभी करायची होतीस की, असं तुम्ही म्हणाल. नाही केली. केली असती तर पुष्पाताईंना कळलं असतं की मी त्यांचं ऐकलं. तिसरा हिवाळाही तसाच गेला. पुढच्या सामन्याला घेतो हं, म्हणायचो. ती म्हणायची, घाई नाय मामा.

मग लग्न झालं. हळदीला आम्ही दोघं गेलो होतो. तिनं मला मांडवात पुढे ओढलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, सगळ्यांनी हात टेकले माझ्यासाठी, मामांनी नाय टेकले. बायकोनं डोळ्याला पदर लावला. मी जिलबी खात होतो. खाल्ली.

नवरा चांगला आहे, मुरबाडकडचा. एक मुलगी झाली, तिचं झबलं मीच शिवलं. गेल्या हिवाळ्यात पुष्पाताईंनी तिला गाठलं आणि मैदानावर नेलं. अजून वेळ गेलेली नाय, कोपऱ्यात उभी राहा, म्हणाल्या. सासूही तयार झाली पोर सांभाळायला. दोन महिने ती जात होती. हे मला कळलं तेव्हा माझ्या छातीवरचा दगडच उतरला, खोटं नाही सांगत. वाटलं, चला, झालं ते झालं, मिळालं पोरीला.

मग एका दुपारी ती दुकानात आली. पोर कडेवर. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, ‘मामा, पुष्पाताई म्हनते, तिनं मला मागितली होती तुमच्याकडं. आनि मीच नाय म्हणाले. मला तर कोनी विचारलंच नाय.’

तिच्या डोळ्यात संशय नव्हता. एवढं मात्र मी नीट पाहिलं. ती फक्त विचारत होती. त्या वेळी बोललो असतो तर? दुकानात तिसरं माणूस नव्हतं. मशीनवर हात ठेवून मी म्हटलं, छे गो, पुष्पाताईंचा काहीतरी घोळ होतोय, दुसऱ्या कुणाचं असेल.

‘तेच सांगितलं मी तिला!’ दर्शना म्हणाली. ‘म्हटलं, आमचा मामा असं करायचा नाय. लय भांडले. तोंडावर सांगितलं, खोटं बोलणारीच्या मैदानात मी पाय ठेवणार नाय.’ आणि मोकळी हसली. पोरीला माझ्या मांडीवर दिलं आणि कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेऊन प्यायली.

तेव्हापासून ती खेळत नाही. सरावाला जात नाही, पुष्पाताईंशी बोलत नाही. माझ्याकडे येते. सणावाराला येते, मुलीला मला आजा म्हणायला शिकवलंय.

पुष्पाताई खरं बोलत होत्या. खोटा मी आहे, दोन्ही वेळा मी.