उपरण्याखालचा बैल

मोठ्या कंपनीनं मला फसवलं. मीही व्यापारात दोन-चार जणांना गुंडाळलं असेल, पण कोणाच्या बापाचा हात पुसून टाकला नाही.

माझे वडील बैलबाजारात दलाल होते. त्यांनी मला जमीन दिली नाही, बोटं दिली. सौदा उपरण्याखाली व्हायचा. बोटं धरून भाव सांगायचा, तोंडानं फक्त हवापाण्याच्या गप्पा. त्याच बोटांवर मी नंदुरबारात मिरचीचा धंदा उभा केला.

शेवटच्या हिवाळ्यात वडील धानोऱ्याच्या घरी खाटेवरच असत. बाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांची लाली भिंतीवर चढायची आणि खोली सकाळभर गुलाबी धुक्यात तरंगल्यासारखी वाटायची. एके दिवशी त्यांनी उपरणं पुढे केलं. मी हात आत घातला.

"बैल कसा शे?" त्यांनी विचारलं.

"धवळा. डावं शिंग जरासं वाकडं."

"मंग भाव उतार!"

नसलेल्या बैलाचा सौदा बराच वेळ चालला. मला त्याच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येत होती. भाचीनं ते माझ्या मोबाईलवर टिपलं. मी ते त्या मोठ्या कंपनीच्या समाजमाध्यमावर, माझ्या पानावर टाकलं. तिथं मिरचीवाली माणसं वर्षानुवर्षं जमत होती. फोन भरला म्हणून मूळ चित्रण पुसलं. पानावर आहेच की, म्हटलं. बाजारात माल पावतीशिवाय न सोडणारा मी, इथं सोडून बसलो.

वडील गेले. काही दिवसांनी पानही गेलं. कारण दिलं होतं: अश्लील. कापडाखाली हात हलताना पाहून कंपनीच्या तपासणाऱ्या यंत्राला दुसरं काही सुचलं नसावं. मी दाद मागितली. उत्तरही यंत्राचंच. आयुष्यात पहिल्यांदा समोर माणूसच नव्हता. शिव्या दिल्या, त्या भिंतीला लागल्या.

भाची विसरवाडीला राहते. तिनं घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लोकांनी लिहायचं, चित्रणं टाकायचं एक छोटं ठिकाण चालवायला घेतलं आहे. अशी ठिकाणं ठिकठिकाणी आहेत, प्रत्येकाचं आपापलं, तरी एकमेकांशी बोलणारी. त्यांचा प्रोग्रामही कोणालाही उघडून पाहता येतो.

"मालक कोन शे?" मी विचारलं.

"सगळास्ना कोनी नही. या घरनी मीच."

"मंग भांडू कोनासंगे?"

"मन्हासंगे भांडा ना!"

पहिल्याच दिवशी मी तिथं कंपनीवर लिहिलं. लगेच तिचा फोन. "मामा, शिव्या काढी टाका, नहीतर मी काढसू."

"निम्म्या ऱ्हाऊ दे."

"दोनच ऱ्हाऊ द्या."

दोनवर सौदा पटला. तेव्हाच ठरवलं, इथं राहायचं. पुसण्याआधी विचारणारं कोणीतरी होतं.

तिथं गर्दी नाही. दुपारच्या बाजारासारखं शांत असतं. एकदा माझं लिहिलेलं वाचून एका अनोळखी माणसानं विचारलं, "मग बैल कितीला दिला?"

मी डोळे मिटले. खोली गुलाबी झाली, बैल दारात आला, वडिलांनी बोटं दाबली. चार की पाच? आठवेना. चित्रणात कापड कसं हललं ते पाहिलं असतं, तर मी सांगितलं असतं. बैल अजून दारातच उभा आहे, ना माझा, ना त्यांचा.

ज्यानं ते यंत्र बसवलं, त्यानं समोर यावं. उपरणं माझ्याकडे आहे. हात आत घालावा आणि सांगावं, माझ्या बापानं किती बोटं दाबली होती?